उसनं मौन

विजेच्या मागावर आडवा धागा घेऊन पळणारा धोटा कठीण लाकडाचा असतो. वीतभराहून मोठा, आणि दोन्ही टोकांना पोलाद बसवलेले. माग नीट लावलेला नसला की तो कधीतरी आपली वाट सोडून उडतो. बुऱ्हाणपुरात आमच्या गल्लीत हातमाग जाऊन विजेचे माग येत होते ते दिवस. धोटा उडणे विणकरांना नवे नव्हते, भिंतींवर त्याचे वण होते. माणसाला लागलेला मात्र मी तोवर पाहिला नव्हता.

तो माझ्या बायकोला लागला, डाव्या कानाच्या वर.

ती मुलींच्या मराठी शाळेत शिक्षिका होती. दुपारी शाळा सुटून घरी येताना समोरच्या मागघराच्या उघड्या दारातून धोटा बाहेर आला. ती पडली नाही. खाली वाकून तिने धोटा उचलला आणि धावत आलेल्या म्हाताऱ्या विणकराच्या हातात दिला. "चाचा, दार लावत जा. पोरं जातात इथून," असे ती म्हणाल्याचे नंतर चाचांनीच सांगितले. घरी येऊन तिने चहा टाकला. चहा होण्याआधी तिला उलटी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्याकडे चष्मा मागितला. मी चष्मा दिला तेव्हा ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला कंगवा हवा होता.

मी नागपूरच्या एका दैनिकात बातमी लिहायला शिकलो होतो. तिथले वडीलधारे उपसंपादक सांगत, विशेषण लिहायचे असेल तर आधी हात धुऊन या. वडील गेल्यावर मी बुऱ्हाणपूरला परतलो, एका केळीच्या वखारीचा पत्रव्यवहार पाहू लागलो आणि त्याच दैनिकाला इथल्या बातम्या पाठवू लागलो. मग राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही नव्या मध्य प्रदेशात राहिलो आणि आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. बुऱ्हाणपूरच्या बातमीशी नागपूरच्या वाचकाला काही घेणे उरले नाही. घर मुख्यतः बायकोच्या पगारावर चालू लागले. तिची नोकरीही अधांतरीच होती. जुन्या राज्याच्या शिक्षकांना नव्या राज्याच्या सेवेत सामावून घ्यायचे होते. दसऱ्यानंतर एक अधिकारी येऊन प्रत्येक शिक्षकाचा पाठ पाहणार होता आणि त्यावर ठरणार होते. कंगव्याला चष्मा म्हणणारी शिक्षिका त्याच्यापुढे कशी उभी राहणार, हा प्रश्न मला त्या सकाळीच पडला. मी तिच्या हातात कंगवा दिला आणि तिला दवाखान्यात न्यायला निघालो.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर इंदूरकडचे होते. त्यांनी डोके चाचपले, डोळ्यांत उजेड टाकून पाहिले, चालायला लावले, हाताची बोटे धरून दाबायला सांगितली. मग मला बाहेर बोलावले.

"हाड शाबूत आहे. आत मार बसलाय. औषध नाही देणार मी."

"काहीच नाही?"

"गुंगीची गोळी दिली तर गुंगी गोळीची आहे की डोक्याची, मला कसं कळणार? अहो, हात मोडला तर आपण झोळीत घालतो ना? डोकं झोळीत घालता येत नाही. तेव्हा घराचीच झोळी करा. अंधार, शांतता. वाचायचं नाही, लिहायचं नाही, बोलणं कमीत कमी. भेटायला कुणी नको. मग हळूहळू एकेक गोष्ट परत द्यायची. आणि देखिए, एक नियम. दुखायला लागल्यावर थांबायचं नाही. दुखायच्या आधी थांबायचं."

डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का, हे रोज पाहायला त्यांनी मला शिकवले. एक मोठी दिसली, किंवा ती उठवून उठेना, तर मिळेल त्या गाडीने इंदूरला न्यायचे होते. त्यानंतर कित्येक दिवस मी सकाळी तिला खिडकीपाशी बसवून तिच्या डोळ्यांत पाहिले. लग्नानंतरच्या दिवसांतही इतके पाहिले नसेल. रोज मला डावी बाहुली मोठी वाटे. मग मी डोळे मिटून पुन्हा पाही, आणि दोन्ही सारख्या असत.

घराची झोळी करणे बुऱ्हाणपुरात सोपे नव्हते. पहिले कारण माग. आमच्या भिंतीला भिंत लागून खडखडाट होता आणि तो वीज असेपर्यंत चाले. आम्हाला तो सवयीने ऐकू येत नसे, तिला आता येऊ लागला. ती कानांवर उशी दाबून पडे. शुक्रवारी माग बंद असत. त्या दिवशी ती उठून अंगणात बसे, आमटीत मीठ कमी आहे म्हणे, एकदा हसलीही. शनिवारी पुन्हा उशी. डॉक्टर थापा मारत नाहीत हे मला या शुक्रवारांनी पटवले. चाचांनी आपण होऊन आमच्या दाराकडचा माग बंद ठेवला, पण सगळ्या गल्लीला कोण सांगणार?

दुसरे कारण समाचार. आजाऱ्याच्या समाचाराला जाणे हा आमच्याकडे धर्म आहे. न गेलेला माणूस लक्षात राहतो, आणि दारातून परत पाठवलेला माणूस तर पिढ्यानपिढ्या विसरत नाही. मी आईला डॉक्टरांचे म्हणणे सांगितले. ती पोळी लाटत होती. लाटणे न थांबवता म्हणाली, "आलेल्याला दारातून परत पाठवू? मग उद्या मी मेल्यावर खांदा द्यायला तुझा डॉक्टर येईल का?"

लोक येत राहिले. प्रत्येक जण खाटेशी वाकून एकच प्रश्न विचारी.

"ओळखलं का मला?"

डोक्याला मार लागलेल्या माणसाला हे विचारायचेच असते, असा सर्वांचा समज होता. ती ओळखत होती. पण नाव जिभेवर यायला वेळ लागे, आणि उत्तराला उशीर झाला की पाहुणा आईकडे अर्थपूर्ण बघे आणि आवाज चढवून पुन्हा विचारी, जणू ती बहिरी झाली होती. "अगं मी! तुझ्या शेजारची! परवा नाही का हळदीकुंकवाला आलेली?" मग तिला घाम फुटे, कपाळावरची शीर उडू लागे आणि ती भलतेच नाव घेई. पाहुणी पदराने डोळे पुसत बाहेर येई. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलेले असे, की मास्तरीणबाईंना आता माणसे ओळखू येत नाहीत.

एकदा मीही विचारले. सकाळची वेळ होती, ती बरी वाटत होती. मी सहज विचारल्यासारखे केले, "आपल्या राज्याची राजधानी कोणती गं?"

"नागपूर," ती म्हणाली.

तोच स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "आता हे काय विचारणं! नागपूरच ना? का नेली कुणी उचलून?"

ज्यांच्या डोक्याला काही लागलेले नव्हते ते निम्मे बुऱ्हाणपूर त्या वर्षी तेच उत्तर देत होते. मला मात्र दिवसभर जेवण गेले नाही.

डॉक्टरांनी औषध दिले नाही याचा अर्थ गल्लीने वेगळा लावला. औषध नाही म्हणजे त्यांनी हात टेकले. तेव्हा पाहुणे औषधे घेऊन येऊ लागले. सुंठेचा लेप, चंदनाचा लेप, नाकात सोडायला साजूक तूप. कुणी सांगितले, उगवत्या सूर्याकडे तोंड करून गरम जिलबी दुधातून खायची. यातले जे निरुपद्रवी होते ते आई करी. चंदनाने तिला थोडे बरे वाटे. जिलबी मीच खाल्ली.

आषाढी एकादशी होऊन गेल्यावर तिचे मामा आले. ते डोईफोडिया गावचे, शेतकरी. आईवडिलांमागे त्यांनीच तिला वाढवले होते. नेपानगरपर्यंत बैलगाडीने आणि तिथून रेल्वेने, असे आले होते. भाचीच्या उशाशी बसून त्यांनी तिचा हात हातात घेतला. तिने त्यांना मामा म्हणण्याऐवजी बाबा म्हटले. ते उठले आणि ओसरीवर येऊन बसले. बराच वेळ टोपी गुडघ्यावर आपटत राहिले.

"विहीणबाई, मी हिला घेऊन जातो."

"कुठे?"

"गावाले. आमच्याकडे एक जण आहे, डाग देते. कानशिलावर एक अन् मानेवर एक. लाल केलेली सळई. येत्या अमावास्येले बसवतो. माझ्या बैलाचं डोकं फिरलं होतं, दुसऱ्या दिवशी नांगराले चालला."

"मामा, ती बैल नाही," मी म्हणालो.

"जावईबापू, तुम्ही शिकलेले. तुमचा डाक्टर म्हणते औषध नाही. म्हणजे काय? त्याले समजत नाही, म्हणून नाही. मले पोरगी अशी पाहवत नाही." त्यांनी समोरच्या मागघराकडे हात केला. "गाव शांत आहे. इथं तर मेलेला माणूसही उठून बसंल."

यातले शेवटचे वाक्य खरे होते. तिला शांतता हवी होती आणि शांतता डोईफोडियात होती, जंगलाच्या कडेला. पण तिथेच सळईही होती. मामांना नाही म्हणायचा माझा अधिकार त्यांच्यापेक्षा फार मोठा नव्हता. त्यांनी तिला वाढवले होते, आणि माझ्या घरात ती दिवसेंदिवस खालावत होती. मी आतल्या दाराकडे पाहिले. तिने सगळे ऐकले होते. खाटेवर उठून बसून ती कानशील हाताने झाकून होती.

तेव्हा आई बोलली. आई गल्लीतली सर्वांत बोलकी बाई होती. भाजीवाल्याशी सुरू झालेले तिचे बोलणे त्याची गाडी दिसेनाशी झाली तरी चालू असे. पण त्या वेळी ती फार थोडे बोलली.

"नाही नेता यायची, भाऊ. तिनं एकादशीला नेम धरलाय."

"कसला नेम?"

"मौनाचा. चातुर्मासभर. कार्तिकीपर्यंत बोलायचं नाही अन् वेस ओलांडायची नाही."

"पण आत्ता तर मले बाबा म्हणाली."

"ते चुकून. म्हणून तर एवढी घाबरली बिचारी."

मामांनी टोपी डोक्यावर घातली आणि आतल्या दाराकडे हात जोडले. "मग राहिलं. नेमापुढे डाग काय."

ते संध्याकाळच्या गाडीने परत गेले. ते गेल्यावर मी आईकडे पाहिले. आईने कपाळावरचे केस मागे सारले. तिच्या डाव्या कानशिलावर रुपयाएवढा काळा वण होता. लहानपणापासून मी तो पाहत आलो होतो आणि कधी विचारले नव्हते.

"अर्धशिशीसाठी दिला होता मला, माहेरी," ती म्हणाली. "चौघींनी धरलं होतं. डाग राहिला, अर्धशिशी पण राहिली."

दुसऱ्या दिवसापासून समाचाराला येणाऱ्यांना आई दारातच सांगू लागली, सूनबाईंना मौन आहे. परिणाम चमत्कारिक झाला. जे डॉक्टरांच्या सांगण्याने थांबले नसते ते आवाज खाली आणून बोलू लागले. मौन धरलेल्या बाईला कुणी प्रश्न विचारत नाही. ओळखलं का, हे कायमचे बंद झाले. बायका उंबऱ्याशी येत, लांबून हात जोडत आणि पाय न वाजवता परत जात. एक जण नारळ ठेवून गेली. दुसरीने हार आणला. घाव बसल्यावर मास्तरीणबाईंना काहीतरी दिसू लागले आहे, अशी कुजबूज सुरू झाली. आई नारळांची चटणी करी.

खोलीला जाड पडदा लावला. आईने तिच्या कानांत कापूस घालून बाळंतिणीसारखा डोक्याला रुमाल बांधला. सकाळी, माग सुरू होण्याआधी, मी तिला तापीच्या घाटापर्यंत नेऊन आणी. पुढे ती रोज थोडे जास्त चालू लागली. डॉक्टरांनी मान हळू वळवायच्या काही हालचाली आणि श्वास लांब सोडायची रीत शिकवली होती, तीही ती करी. आई तिच्या मानेला कोमट तेल लावी. उलट्या थांबल्या. जेवण जाऊ लागले. दुखणे दिवसभर असे ते दुपारपुरते राहिले.

बोलणे मात्र पूर्ण थांबले. आमच्यात एकांतातही ती बोलत नसे. हाताने सांगे, मान हलवी, कधी माझ्या तळहातावर बोट ठेवून गप्प राही. सुरुवातीला मला त्यात समाधान वाटले, डॉक्टरांचे पथ्य पाळले जात होते. मग श्रावण सरत आला तेव्हा माझ्या लक्षात एक गोष्ट आली, आणि त्यानंतर माझी झोप गेली. मौन धरलेले माणूस आणि वाचा गेलेले माणूस बाहेरून सारखेच दिसते. ती बोलत नाही म्हणून गप्प आहे, की बोलता येत नाही म्हणून, हे कळायला मार्ग नव्हता. तिला विचारता येत नव्हते. विचारले असते तर ती काय करणार, मान हलवणार. मान हलवणे दोन्हीकडे बसत होते.

मी बातमी पडताळायला शिकलेला माणूस. दोन जणांकडून खात्री झाल्याखेरीज ओळ छापायची नाही. इथे एकच साक्षीदार होता आणि त्याला बोलायची बंदी होती. ती झोपेत काही पुटपुटते का, हे मी ऐकत बसे. ती पुटपुटत नसे.

भाद्रपदात डॉक्टरांनी तिला तपासले. "छान. आता बोलायला लावा. रोज थोडं. बाकी सगळं सुधारलंय, ही बोलत का नाही?"

मी नेमाचे सांगितले. त्यांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही पत्रकार ना?"

"हो."

"मग ऐका. उपयोग झाला, ठीक आहे. आता तोच आड येतोय. न वापरलेला हात आखडतो, तसंच आहे हे. कार्तिकी कधी, दिवाळीनंतर? तोवर थांबू नका. आणि प्रश्न विचारू नका तिला. वस्तू दाखवा. नाव तिचं तिला शोधू द्या. विचारलं की माणूस घाबरतं, दाखवलं की बघतं."

घरी येऊन मी आईला सांगितले, मौन सोडवायचे. मला वाटले होते ती हसेल. नेम तिनेच ओसरीवर बसल्या बसल्या रचला होता, आणि ते मला माहीत होते. पण आईने हातातले सूप खाली ठेवले.

"नाही."

"आई, नेम खोटा होता."

"बोलताना खोटा होता. त्याच संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावला अन् म्हटलं, एवढं सांभाळ, नेम खरा करीन. ती बरी झाली का नाही? मग आता अर्ध्यात मोडू? अन् कुणावर येईल ते, ठाऊक आहे? तुझ्यावर येईल."

"दसऱ्यानंतर साहेब येणार. तिला पाठ घ्यायचाय."

"नोकरी गेली तर गेली."

"नोकरीचं नाही. तिला बोलता येतं का, तेच मला माहीत नाही."

हे मी पहिल्यांदाच कुणापाशी बोललो होतो. मी पडदा सारून आत गेलो. बायको भिंतीला टेकून बसली होती. मी म्हटले, एक शब्द बोल, कोणताही. तिने माझ्याकडे पाहिले, मग देवघराकडे, आणि मान हलवली. तिच्या डोळ्यांत भीती होती. ती देवाची होती की शब्दाची, ते मला वाचता आले नाही.

दुसऱ्या दिवशी आई देवळात गेली. तिथल्या पुजाऱ्यांना तिने काय विचारले ते मी नंतर त्यांच्याकडूनच ऐकले. तिने विचारले होते, धरलेला नेम मोडायचा नसेल आणि पाळायचाही नसेल तर काय करतात. ते म्हणाले, घरातल्या कुणी उरलेला नेम आपल्या अंगावर घेतला तर मूळ धरणारी सुटते. त्यांनी हसून पुढे विचारले होते, "पण काकू, मौन आहे. घेणार कोण?"

आई घरी आली. पाय धुतले. सुनेला देवघरात पाटावर बसवले आणि तिच्या तळहातावर पाणी घालून ते आपल्या तळहातात घेतले. मला म्हणाली, "दूधवाल्याला सांग, उद्यापासून पाव शेर कमी. अन् वखारीतून येताना माझ्यासाठी सुपारी आण. अन् ती वरच्या फळीवरची बरणी..." मग थांबली. काय सांगायचे राहिले ते आठवून पाहिले असावे. हातातले पाणी ताम्हनात सोडले आणि तोंड मिटले.

घरात अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

आईने समईशेजारची पळी उचलली आणि सुनेपुढे धरली. बायकोने पळीकडे पाहिले. ओठ हलले. आवाज आला तो घोगरा, दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

"चिमटा," ती म्हणाली.

मला एकाच वेळी दोन गोष्टी कळल्या. वाचा होती. आणि शब्द जागेवर नव्हते.

आईने पळी खाली ठेवली नाही. एरवी तिने लगेच सांगून टाकले असते, आणि त्याबरोबर ही पळी कुणी कधी कुठल्या बाजारातून आणली तेही. आता ती नुसती पळी धरून बसली. बायकोचे कपाळ आक्रसले. "नाही... चिमटा नाही. पाणी... पाणी देतात तिनं. पळी." मग तिने तोंडावर पदर घेतला आणि रडू लागली. आईने पळी ठेवून ताम्हन उचलले, पण डॉक्टरांचा नियम मला आठवला आणि मी आईचा हात धरला. दुखायच्या आधी.

त्यानंतर घरात उलटा कारभार सुरू झाला. आई दिवसभर वस्तू उचलून दाखवी. झारा, उलथने, रवी, विळी, माझा चष्मा, माझ्या शर्टाचे तुटलेले बटण. बायको नावे शोधी. चुकले तर आई वस्तू हलवी, आणखी चुकले तर आणखी जोरात हलवी. डॉक्टर हजार वेळा सांगूनही जे आम्हाला जमले नसते ते या नेमाने जमवले. आईला प्रश्न विचारता येत नव्हता आणि उत्तर पुरवता येत नव्हते. सांगायला आलेले शब्द गिळताना तिचे गाल फुगत. एकदा बायको उखळाला तीन वेळा पायरी म्हणाली, तेव्हा आई उठून परसात गेली आणि रिकाम्या बादलीवर दोनदा हात आपटून परत आली.

गल्लीला विषय मिळाला. समोरच्या चाचांच्या बायकोने दारातून ओरडून सांगितले, "भाभी, दुनिया में पहली बार हुआ! बहू बोले, सास सुने!" आईने तिला बोटाने खूण केली, कार्तिकी होऊ दे, मग बघते.

बायको हसली आणि म्हणाली, "आई, तोवर तुमचं सगळं साठतंय. मला पुन्हा कापूस लागणार कानात." सगळे वाक्य सरळ आले. मी ते मनात दोनदा म्हणून पाहिले, एकही शब्द चुकीचा नव्हता.

पण असे दिवस सलग येत नसत. वाऱ्यावर पडदा हलावा तसे शब्द जात-येत. नीट बोलता बोलता ती एकदम थांबे, डोळ्यांपुढे काजवे चमकल्याचे सांगे आणि उरलेला दिवस पडद्याआड जाई. पाठाची तयारी करताना ती तिसरीचे पुस्तक उघडी आणि चार ओळींवर मिटे. मिटण्याचे तिला आता कळू लागले होते. मला कळत नव्हते. प्रत्येक वेळी पुस्तक मिटले की मला वाटे, हे शेवटचे.

दसऱ्यानंतर अधिकारी आले. मी शाळेच्या फाटकाबाहेर टांग्यात बसून राहिलो. आत जायची परवानगी नव्हती आणि असती तरी मी गेलो नसतो. वर्गाच्या खिडकीतून मुलींचा एकत्र आवाज येत होता. मग तो बंद झाला. बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. त्या शांततेत मी टांग्याच्या दांडीचा रंग नखाने खरवडला. टांगेवाला मागे वळून म्हणाला, "बाबूजी, गाड़ी मेरी है।"

ती बाहेर आली तेव्हा चेहरा पांढरा होता. टांग्यात बसली, डोळे मिटले. मी विचारले नाही. एवढे मी शिकलो होतो.

घरी आई दारात उभी होती. कार्तिकीला अजून अवकाश होता. तिने भुवया वर केल्या, दोन्ही हात पसरले. तिला येत असलेला तो सर्वांत मोठा प्रश्न होता. बायको ओसरीवर बसली, पाणी प्यायली आणि सांगू लागली. साहेब चांगले होते. हिंदीत बोलत होते, पण पाठ मराठीत घ्या म्हणाले. नदीचा धडा घेतला. निम्म्यावर कानशील उडू लागले, तेव्हा दुखायच्या आत तिने खडू ठेवला आणि मुलींना म्हणाली, आता पाटीवर आपापली नदी काढा, बोलायचं नाही. वर्ग चिडीचूप झाला. साहेबांनी मुख्याध्यापिकेला सांगितले, शिस्त उत्तम आहे. ठेवतील बहुतेक.

आई ऐकत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि तोंड घट्ट मिटलेले होते.

"अन् एका मुलीनं नदीत काढलं होतं ते," बायको म्हणाली आणि थांबली. "ते... लाकडाचं. त्यात बसतात."

आईला शब्द माहीत होता. मलाही माहीत होता. आई पुढे झुकली आणि तशीच थांबली. मी उंबऱ्यावर जोडे हातात घेऊन उभा होतो. समोर माग चालू होते. शब्द आला नाही. बायकोने हाताने हवेत एक वळणदार रेघ काढली, तिच्याकडे पाहिले, आणि म्हणाली, "असू दे. त्यात बसून ती मुलगी पलीकडे चालली होती, तिच्या मामाकडे. साहेबांनी तिलाच विचारलं, एकटीच का गं निघालीस? तर म्हणते कशी..." आणि ती पुढे सांगत गेली.